बाटली कोण धरणार?

भुसामावशीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लाकडाच्या वखारीमागे, करवतीच्या यंत्राचा भुसा जिथे येऊन पडतो त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहता राहता तिचं आयुष्य गेलं, तेव्हा हे नाव चिकटायला काही वेळ लागला नाही. वखारीचा मालक तिला मावशी म्हणायचा, मालकाचा मुलगा मावशी म्हणायचा आणि आता मालकाचा नातूही मावशीच म्हणायला लागला होता. "आजोबाची मावशी आणि नातवाचीही मावशी! तुमच्या घरात नात्यांचा हिशेब ठेवतं कोण?" असं ती करवादायची. पण ते नुसतं तोंडदेखलं. कुणी हाक मारावी, आपण ओ द्यावी, इतकं तिला पुरत होतं. निदान ती तसं सांगायची.

तिचा धंदा भुशाच्या शेगड्यांचा. गॅसची नळकांडी घरोघर पोचली, विजेच्या शेगड्या आल्या, तरी तिचं गिऱ्हाईक काही तुटलं नाही. रस्त्याच्या कडेला डांबर टाकणारे लोक दुपारच्या जेवणासाठी तिच्याकडून शेगडी न्यायचे. चहाची गाडी लावणारा न्यायचा. महिनाअखेरीला गॅस संपला की बँकेतले साहेबसुद्धा अंधार पडल्यावर हळूच यायचे आणि शेगडी वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, चोरीचा माल असल्यासारखी. मावशी त्यांना मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "साहेब, परत आणताय ना डबा?"

शेगडी म्हणजे तरी काय? रंगाचा नाहीतर तेलाचा रिकामा डबा. त्याच्या बुडाशी, एका बाजूला, अंगठा जाईल एवढं भोक. त्या भोकातून एक गोल दांडका आत घालायचा. डब्याच्या मधोमध एक काचेची बाटली उभी करायची, तिचं बूड त्या दांडक्याला टेकलं पाहिजे. मग बाटलीच्या भोवती कोरडा भुसा घालायचा आणि लाकडी ठोकण्यानं ठोकायचा. पुन्हा भुसा, पुन्हा ठोकणं. डबा गच्च भरला की बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडका बाहेर ओढायचा. मधे उभं भुयार, खाली आडवं भुयार, दोन्ही एकमेकांना मिळालेली. खालच्या भोकातून कागदाची पेटती सुरळी सारली की भुसा आतल्या आत पेटतो आणि भाताचं मोठं पातेलं उतरलं, डाळ शिजली, वर पाणी तापलं, तरी विझत नाही. मधे एकदाही काडी घालावी लागत नाही. फुंकणी नको, पंखा नको.

सगळी मेख त्या बाटलीत. ती सरळ उभी राहिली पाहिजे. जराशी कलली की भुयार कलतं, एका बाजूचा भुसा पातळ राहतो, ती बाजू आधी जळून जाते, डब्याचा पत्रा तिथे लालभडक होतो आणि पातेल्यातलं अन्न अर्धं करपतं, अर्धं कच्चं राहतं. म्हणून हे काम दोघांचं. एकानं बाटली धरायची, दुसऱ्यानं ठोकायचं.

आणि मावशी ते एकटीनं करायची. डबा दोन पायांत घ्यायची, बाटली डाव्या हाताच्या कोपराशी दाबून धरायची आणि उजव्या हातानं ठोकायची. संध्याकाळपर्यंत तिची कंबर मोडून जायची. वखारीचा रखवालदार कितीदा म्हणाला असेल, "मावशी, मी धरतो की बाटली. रिकामाच बसलोय." मावशी त्याच्याकडे न बघता म्हणायची, "तू फाटक धर. तेवढं पडू देऊ नकोस." शेजारणी आल्या, त्यांनाही तिनं बाटलीला हात लावू दिला नाही. लोक म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे. हट्टी तर ती होतीच. पण ती जागा कुणाची तरी होती आणि ती तिला दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती.

ती जागा धाकट्याची होती, तिच्या धाकट्या भावाची.

दोघं लहान असताना एका हिवाळ्यात रॉकेल मिळेनासं झालं. दुकानासमोर डबे रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी तसेच रिकामे घरी जायचे. त्यांचे वडील याच वखारीत करवतीवर होते. एक दिवस ते पोत्यात भुसा भरून घरी आले आणि म्हणाले, "आजपासून आपलं रॉकेल हे." त्यांनी पोरांना शेगडी भरायला शिकवलं. ताईनं ठोकायचं आणि धाकट्यानं बाटली धरायची, अशी वाटणी पडली. धाकटा डावखुरा. बाटली दोन्ही हातांनी धरायचा खरा, पण त्याचा डावा हात जोरकस, तो आपल्याकडे ओढायचा, त्यामुळे बाटली न चुकता डावीकडे झुकायची. सकाळी आई शेगडी पेटवायची आणि थोड्याच वेळात डब्याची डावी बाजू लाल व्हायची. आई विचारायची, "आज बाटली कोणी धरली होती?" जसं काही घरात बाटली धरणारे पन्नास जण होते!

मग ताई त्याच्यावर तोंडसुख घ्यायची. "डोळे कुठे असतात तुझे? एवढं साधं काम जमत नाही? बाटली धरलीयस की मांजराची शेपटी?" धाकटा मान खाली घालून ऐकायचा आणि तिचं बोलून संपलं की हसून म्हणायचा, "अजून?" की ताईलाही हसू फुटायचं. रागावणं हा त्या दोघांचा खेळ होता. पुढे रॉकेल मिळायला लागलं, तरी शेगड्या थांबल्या नाहीत. वडील गेल्यावर तर त्याच शेगड्या विकून घर चाललं.

मिसरूड फुटलं तसा धाकटा बंदराच्या शहरात गेला. पहिल्यांदा गोदीत हमाली, मग एका मालवाहू जहाजावर भटारखान्यात मदतनीस, मग तिथलाच स्वयंपाकी. वर्षाकाठी एकदा यायचा, ते दोन वर्षांनी यायला लागला, मग तीन. आई दारात बसून वाटेकडे डोळे लावायची. ताईचं लग्न झालं, नवरा वखारीतच कामाला, म्हणून तिला घर सोडावं लागलं नाही. पुढे नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. राहिल्या आई आणि ती, आणि दोघी मिळून तिसऱ्याची वाट बघायच्या.

आई शेवटच्या आजारात पडली तेव्हा ताईनं जहाजाच्या कंपनीकडे निरोप धाडला. जहाज कुठल्या समुद्रात होतं कोण जाणे. धाकटा आला तेव्हा आईला जाऊन महिना होऊन गेला होता. तो दारात उभा राहिला, हातात आईसाठी आणलेली लोकरीची शाल. ताईनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे आत गेलेले, गाल बसलेले, प्रवासानं पार चिपाड झालेला. तिच्या ओठांवर बोलणी आली होती, पण तिनं ती गिळली. बिचारा थकलाय, आत्ता नको, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं. एक शब्द रागावली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तो तिच्याकडे बघायचा, काहीतरी यायचं आहे म्हणून वाट बघत असल्यासारखा. ती पाहुण्याला विचारावं तसं विचारायची, "भात वाढू का अजून?" तिसऱ्या दिवशी तो पिशवी भरून निघाला. "येतो," म्हणाला. "सांभाळून जा," ती म्हणाली. आणि तो गेला तो गेलाच.

बऱ्याच उशिरानं तिला उमगलं. आपण रागावलो असतो तर तो राहिला असता. परक्या माणसावर कुणी रागावत नाही, आणि त्या दोन दिवसांत तिनं त्याला परकं केलं होतं. तिला ते कळलं तेव्हा मधे वर्षं गेली होती. तो जहाज सोडून बंदराच्याच शहरात राहतो, लग्न केलं नाही, एका खोलीत एकटा असतो, एवढं उडत उडत कानावर आलं. मालकाच्या मुलानं खटपट करून त्याचा फोन नंबरही मिळवून दिला. तिनं तो कितीदा तरी लावला आणि तिकडे घंटा वाजायच्या आत कापला. फोन त्यानं करावा, असं तिला वाटायचं. तिकडे त्यालाही तसंच वाटत असणार. एका आईची पोरं, अक्कल वेगळी कुठून येणार!

मग वादळ आलं. इकडे नाही, तिकडे, बंदराच्या शहरावर. रखवालदाराच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर तिनं बघितलं, घरांवरचे पत्रे कागदासारखे उडत होते, रस्त्यांवर बोटी येऊन पडल्या होत्या. तिनं नंबर लावला आणि या वेळी कापला नाही. पण घंटा वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. वीज गेली, टॉवर पडले, असं रखवालदार समजावत होता. मावशी ऐकत होती आणि पुन्हा तोच नंबर लावत होती.

गावातून मदतीचा एक ट्रक आधीच गेला होता, पांघरुणं आणि पिण्याचं पाणी घेऊन. दुसरा भरायला घेतला, त्यात तांदूळ, डाळ, बटाटे. मावशी चौकात जाऊन उभी राहिली आणि पोती मोजणाऱ्या लोकांना म्हणाली, "तांदूळ देताय ते ठीक. कच्चे चघळायचे का त्यांनी? तिथे ना वीज, ना गॅस. सरपण सगळं भिजलेलं."

कुणीतरी म्हणालं, "मावशी, मग काय करायचं म्हणता?"

"डबे आणा," मावशी म्हणाली.

लोकांनी डबे आणले. रंगाचे, तेलाचे, बिस्किटांचे, बाळाच्या दुधाच्या पावडरीचे. मालकानं भुसा फुकट दिला आणि वर पोतीही दिली. मावशीनं डब्यांना भोकं पाडली. लहान डब्यांमध्ये तिनं पुठ्ठ्याच्या पट्ट्या गोल गुंडाळून बसवल्या आणि वरून मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण ओतलं. अशा डबीवर लहान मुलांपुरतं दूध सहज तापतं. वखारीतल्या रात्रपाळीच्या कामगारांनी जाळायला रद्दी भिजवून, पिळून, तिचे गोळे वाळवून दिले. शेड डब्यांनी भरून गेली.

ट्रक चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण रस्ता रिकामा असला तरी तो भोंगा वाजवायचा. तो शेगड्या चढवत होता तेवढ्यात मावशी पिशवी घेऊन पुढच्या दाराशी आली.

"मावशी, तुम्ही कुठे?"

"बंदराला."

"अहो, तिथे जाण्यासारखी परिस्थिती नाही. उगाच जिवाला घोर."

"शेगडी भरायची कशी हे त्यांना तू शिकवणार आहेस? तुला भोंग्याशिवाय दुसरं काही येतं का?"

भोंग्यानं निमूटपणे दार उघडलं. शेगडी शिकवायची हे निमित्त होतं, ते तिलाही ठाऊक होतं. तिला एकच गोष्ट बघायची होती, तो जिवंत आहे की नाही. आणि असला, तर एकदा त्याच्यावर रागवायचं होतं. पोटभर. जे बोलायचं राहून गेलं ते सगळं. तिनं शेडला कुलूप घातलं आणि ती निघाली.

रस्ता लांबचा होता. जागोजाग झाडं आडवी पडलेली, मोरीवरून पाणी वाहत होतं. मावशी खिडकीशी बसून पुढे बघत होती. भोंग्यानं तिला बोलतं करायचा प्रयत्न केला, गाणी लावून बघितली, शेवटी नाद सोडला. समोरून एखादा ट्रक आला की तो सवयीनं भोंगा वाजवायचा आणि समोरचाही वाजवायचा, तेवढीच काय ती करमणूक.

शहरात शिरल्यावर मावशीला काही ओळखू येईना. ओळखीचं तिथे काही नव्हतंच म्हणा, ती पहिल्यांदाच येत होती. इतकी वर्षं भाऊ इथे राहिला आणि आपण हे शहर बघितलंसुद्धा नाही, या विचारानं तिला भडभडून आलं. एका शाळेत लोकांना ठेवलं होतं. भोंग्यानं ट्रक पटांगणात घेतला. मावशी खाली उतरली, पाय बधिर झाले होते, ते झटकत ती शाळेच्या ओसरीकडे वळली आणि जागच्या जागी थांबली.

ओसरीत ओळीनं डबे मांडले होते. रंगाचे डबे, बुडाशी भोक, वर पातेली. आतून भुसा पेटलेला. भुशाच्या शेगड्या. इथे! तिनं आणलेल्या तर अजून ट्रकमध्येच होत्या.

ती जवळ गेली, वाकली. पहिल्या डब्याची डावी बाजू लाल झाली होती. दुसऱ्याचीही डावी. तिसऱ्याची, चौथ्याची, ओळीच्या टोकापर्यंत सगळ्यांची. प्रत्येक पातेल्याच्या एका बाजूला करपल्याचा वास आणि दुसऱ्या बाजूला नुसती कोमट वाफ. एवढ्या लोकांनी शेगड्या भरल्या होत्या आणि सगळ्यांनी एकच चूक केली होती, कारण ज्यानं शिकवलं त्यानंच ती चूक शिकवली होती.

मावशीनं ओसरीचा खांब धरला. जिवंत आहे, एवढं एकच तिच्या डोक्यात वाजत होतं. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही, आणि दोन्ही एकदम झाल्यानं तिला जोराचा ठसका लागला.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. छावणीचं सगळं त्याच बघत होत्या. "काय झालं आजी? धूर गेला का?"

"हे कोणी शिकवलं?" मावशीनं डब्यांकडे बोट केलं.

"एक काका होते इथे. जहाजावर स्वयंपाकी होते म्हणे. पहिल्या दिवशी आम्ही नुसते हातावर हात धरून बसलो होतो, लहान मुलं भुकेनं रडत होती. पलीकडे फर्निचरचा कारखाना आहे, त्याच्या माळ्यावर भुसा कोरडा राहिलाय हे त्यांनी हेरलं. सगळ्यांना बसवून शेगड्या भरायला शिकवलं. एका बाजूनं करपतं हो जरा, पण बुडत्याला काडीचा आधार."

"होते म्हणजे?" मावशीनं बाईंचा हात धरला. "कुठे आहेत?"

"काल गेले. पांघरुणं घेऊन आलेला ट्रक रिकामा परत चालला होता. ज्यांचं कुणी त्या बाजूला आहे त्यांना घेऊन जातो म्हणाला. काकांची खोली तर पाण्यातच गेली. मी विचारलं, कुणी आहे का तुमचं? आधी नाही म्हणाले. मग थोड्या वेळानं आले आणि म्हणाले, बहीण आहे."

मावशी बाईंच्या आणखी जवळ सरकली.

"ट्रकमध्ये चढले आणि पुन्हा खाली उतरले," बाई सांगत होत्या. "म्हणाले, ती घरात घेईल की नाही माहीत नाही. मीच बळेबळे चढवलं. दाराशी जाऊन बघा तरी, म्हटलं. तर म्हणाले, दार उघडलं नाही तर मी मुकाट्यानं माघारी फिरेन, तिला त्रास देणार नाही."

वाटेत कुठेतरी ते दोन ट्रक एकमेकांसमोरून गेले असणार. भोंग्यानं भोंगा वाजवला असणार, समोरच्यानंही वाजवला असणार. ही खिडकीशी बसून पुढे बघत होती, धाकटा मागच्या फळीवर बसून मागे बघत असेल. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. आणि मग तिला आठवलं.

शेडला कुलूप होतं.

तो दाराशी जाईल, कुलूप बघेल आणि त्याला वाटेल ते वाटेल. ती नाही, गेली, मेली, किंवा असूनही नाही. आणि तो माघारी फिरेल, मुकाट्यानं, पिशवी उचलून, मागच्या वेळेसारखा. आणि आता तर जायला त्याची खोलीही नव्हती. तो गेला कुठे हेसुद्धा कुणाला कळणार नव्हतं.

"फोन," मावशी म्हणाली. "फोन कुठे लागतो इथे?"

"गच्चीवर लागतो, तोही नशीब असेल तर. पण जिना ओला आहे, तुम्ही..."

मावशी जिन्यापाशी पोचलीसुद्धा होती. भोंगा मागून धावत आला, "मावशी, पडाल, पडाल!" करत. गच्चीवर पाण्याची टाकी आडवी झाली होती, तिच्या कडेला उभं राहून त्यानं वखारीचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मावशी त्याच्या हाताकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती. तिसऱ्यांदा तिनं फोन हिसकावून घेतला आणि स्वतःच कानाला लावला, जणू काही ती ऐकतेय म्हटल्यावर तो मुकाट लागेल. आणि लागला.

"हॅलो?" पलीकडे रखवालदार.

"मी बोलतेय. कुणी आलं होतं का माझ्याकडे?"

"मावशी! कुठे आहात? हो, आला होता एक म्हातारा. सकाळीच. कुलूप बघितलं, दाराला हात लावून उभा राहिला थोडा वेळ, आणि लागला चालायला."

"आणि तू जाऊ दिलास?"

"ऐका तर! तुम्हीच म्हणता ना, तू फाटक धर. धरलं फाटक. विचारलं, कोण पाहिजे? काही बोलेना. मी म्हटलं, मावशी नाहीत, शेगड्या घेऊन बंदराला गेल्यात, तिथे कुणीतरी आहे त्यांचं. ते ऐकलं आणि मटकन खालीच बसला. तेव्हापासून तिथेच आहे. चहा दिला, पीत नाही. तुमचा कोण लागतो तो?"

"फोन दे त्याला," मावशी म्हणाली.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खरखराट झाला. नुसता कुणाचा तरी श्वास, म्हाताऱ्या माणसाचा. मागे करवतीचं यंत्र सुरू होतं.

"ताई?"

किती वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. सगळ्या जगाची ती मावशी होती, या एकाची तेवढी ताई. इतका वेळ तिनं मनाशी काय काय जुळवून ठेवलं होतं. कसा आहेस, लागलं नाही ना, जेवलास का. त्यातलं एकही बाहेर येईना. आणि मग जे आलं ते आलं.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. भोंगा दचकून मागे सरला. "सगळे डबे डावीकडे कललेत इथे! सगळ्यांचे! अख्ख्या छावणीला वाकडं शिकवून आलास! म्हातारा झालास, जग फिरून आलास, आणि अजून तुला एक बाटली सरळ धरता येत नाही? लोकांच्या पोरांनी करपलेला भात खायचा? आणि आई गेली तेव्हा कुठे होतास? आई दाराकडे बघत गेली! आणि नंतर आलास आणि दोन दिवसांत पिशवी उचललीस? कोणाला विचारून? एक फोन करायला बोटं झडली होती का तुझी? इतकी वर्षं! आणि आज कुलूप दिसलं की लगेच चालायला लागलास! कुलूप काय, कधी ना कधी उघडतंच ना? जरा थांबायला काय होतं तुला?"

तिचा श्वास संपला. खाली ओसरीतले लोक वर बघायला लागले होते. फोनमध्ये नुसता यंत्राचा आवाज. फोन तुटला की काय, म्हणून तिनं तो कानाशी आणखी दाबला.

मग त्याचा आवाज आला. रडका, आणि रडता रडता हसणारा.

"अजून," तो म्हणाला. "अजून बोल, ताई. थांबू नकोस."

मावशीनं पदरानं नाक पुसलं. "बाकीचं तिथे आल्यावर," ती म्हणाली. "रखवालदाराकडे जास्तीची किल्ली आहे. दार उघड, आत जा, काहीतरी खा. आणि तिथून हललास तर बघ. मी येईपर्यंत वाट बघायची. जन्मभर मी बघितली, आता तू बघ."

"बघतो," तो म्हणाला. "कधी येशील?"

हा प्रश्न ती आणि आई मिळून आजवर त्याच्याबद्दल विचारत आल्या होत्या. तिला स्वतःला तो कुणी विचारला नव्हता. तिनं भोंग्याकडे बघितलं. मागचा रस्ता आत्ताच दुरुस्तीसाठी बंद केलाय, दोन दिवस तरी निघता येणार नाही, असं तो दबक्या आवाजात सांगत होता. खाली ओसरीत डाव्या बाजूनं जळणाऱ्या शेगड्या होत्या, त्या पुन्हा सरळ भरायला शिकवायच्या होत्या, आणि ट्रक अजून उतरवायचा होता.

"येते," ती म्हणाली. "काम आटपून येते."

फोन भोंग्याच्या हातात देऊन ती तशीच उभी राहिली. तिच्या घरी तिची कुणीतरी वाट बघत होतं, आणि तिला निघायला अजून दोन दिवस होते. ते दोन दिवस तिला फार मोठे वाटले.